बियांवरचा पहारा

दवाखान्यातून घरी सोडलं त्या सकाळी वॉर्डातल्या सिस्टरांनी बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बाळाकडे बघायला सगळे येतील. तुझ्याकडे कोण बघतंय, तेवढं बघ."

मी "हो, हो" म्हटलं. माझं सगळं लक्ष दुपट्याच्या गाठीकडे होतं, ती लेकीच्या हनुवटीला लागत होती. सिस्टर मात्र दारापर्यंत आल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या. मला वाटलं, या बाईंना रोज सगळ्यांना काहीतरी सांगायचं असतं. आणि मी विसरून गेले.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली बाई आहे. दाराच्या मुठीवर, भाजीच्या पिशवीवर, पाहुण्यांच्या गालावर काय काय नांदत असतं, ते मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेलं. कॉलेजात या ज्ञानाचं कौतुक झालं. घरात तान्हं बाळ आल्यावर मात्र त्याच ज्ञानानं माझा पिच्छा पुरवला. बाटल्या उकळायचं एक पातेलं होतं, ते शेगडीवरून उतरायचंच नाही. खुळखुळा उकळला, चमचे उकळले, नवऱ्याच्या किल्ल्यांचा जुडगाही एकदा उकळला.

लेक झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचं. बोटाला श्वास जाणवला की ते काढायचं, आणि काढल्या काढल्या वाटायचं, आत्ताचा जाणवला, पुढचा? ती रडली तर का रडते म्हणून जीव टांगणीला, गप्प राहिली तर का गप्प म्हणून. ती झोपायची, मी झोपत नव्हते. बिछान्यावर पडायचे, पण डोळे उघडे.

नवरा बेकरीत कामाला. पहाटे जातो, दुपारी पिठाच्या वासासकट परत येतो. तो म्हणाला, "अगं, पीठ फुगायला ठेवलं की सारखं फडकं उचलून बघायचं नसतं. बसतं ते."

"तू आपल्या मुलीची तुलना पिठाशी करतोयस?"

"मला पीठपण फार आवडतं गं."

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होत्या. बस सुटली, निवृत्ती आली, पण आवाज तोच राहिला. आमच्या जिन्यात पाऊल टाकलं की तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा उठून बसतो. त्या रोज यायच्या, दारातूनच म्हणायच्या, "चला, उतरा, शेवटचा स्टॉप! दे तिला इकडे माझ्याकडे आणि तू पड जरा."

"नको आई. बरी आहे मी. हात धुतलेत?"

मग त्या दोन्ही तळवे समोर धरायच्या, तिकीट तपासनिसाला पास दाखवावा तसे. बाळाला जेमतेम दोन मिनिटं घ्यायच्या, तेवढ्यात मी तीनदा मान सावरायला हात पुढे करायचे. त्या बाळ परत द्यायच्या आणि निघून जायच्या. दोन पोरं बसच्या वेळापत्रकात वाढवलेली बाई. तिच्या हातातही मी माझी लेक ठेवू शकत नव्हते, आणि त्याचं कारण मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आता फुलाचं सांगते.

सासूबाईंच्या फाटकाशी एक झाड होतं. पुस्तकात त्याला कोनफ्लॉवर म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव साळूबाई, कारण फुलाच्या मधोमध नारिंगी, काटेरी घुमट असतो, साळिंदर अंग फुगवून बसल्यासारखा. भोवतीच्या गुलाबी-जांभळ्या पाकळ्या मात्र खाली झुकलेल्या. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा ते दाखवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "नीट बघून घे. पाकळ्या सुनेसारख्या, मान खाली. आणि मधली मी."

त्यांच्या बसनं रोज जाणारी एक बाई घर बदलून दुसरीकडे निघाली, तेव्हा तिनं ती कुंडी शेवटच्या फेरीला त्यांच्या मांडीवर ठेवली होती. पुढे ते रोप जमिनीत गेलं, पसरलं, कमरेपर्यंत आलं. उन्हाळ्यात रस्त्यानं जाणारे थांबायचे, नाव विचारायचे. सासूबाईंना प्रवाशांशी बोलायची सवय, त्या फाटकावर कोपर टेकून सांगत बसायच्या. बस गेली होती, पण एवढा थांबा त्यांच्याकडे उरला होता.

लेक जन्मली त्याच मोसमात रस्त्याखाली पाण्याचे नवे नळ टाकायचं काम निघालं. यंत्र आलं, चर खणला, आणि निघालेली सगळी माती, खडी फाटकाशी ओतली गेली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. परत गेल्या तेव्हा ढिगाऱ्याखालून काही काढण्यासारखं राहिलं नव्हतं. मुळं यंत्राच्या दातांनी तुटून चरात गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, त्या न ओरडता. कुत्रा उठला नाही. खांद्याला त्यांची जुनी तिकिटांची चामडी पिशवी होती, अजून तीच वापरतात. तिच्यातून त्यांनी एक वाळकं बोंड काढलं. आदल्या आठवड्यात शोभेला म्हणून पेल्यात खोचून ठेवलेलं, म्हणून वाचलेलं.

"हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे आता वाकत नाहीत. तू उगवून दाखव."

"मी? आई, मला बाळाचंच..."

"बाळाचं होतंय. बाळ काय पळून जातंय?"

"पण मी कधी कुंडीत कोथिंबीरसुद्धा..."

"मी तरी कुठं बी पेरलंय कधी? मला तयार रोप मिळालं होतं. तू शिकलेली आहेस. वाच, शोध, कर." मग उठताना, पुन्हा जरा बसमधल्या आवाजात, "आणि एक. सगळी तिकिटं एकदम फाडायची नसतात. अर्धं बी ठेवून दे."

त्या गेल्यावर मी नवऱ्यावर चिडले. "मला झोप नाही, जेवायला सवड नाही, आणि तुझ्या आईला बागेची हौस!"

तो म्हणाला, "तिला सांगून टाकू का, नाही जमणार म्हणून?"

मी टेबलावरच्या त्या बोंडाकडे पाहिलं. ते मेलं तर ते फूल आमच्या घरातून गेलं. बाजारात तसलं दुसरं मिळेल, पण सासूबाईंच्या मांडीवर बसून आलेलं मिळणार नाही. "राहू दे," मी म्हटलं. "बघते."

बोंड फोडणं हाच एक उद्योग निघाला. काटे बोटांत रुततात, भुसा उडतो, आणि मधून बी निघतं, फिकट, चौकोनी, एका टोकाला निमुळतं. अगदी दुधाच्या दातासारखं. मी अर्धं बी कागदात गुंडाळून डब्यात टाकलं. उरलेलं गाळणीत घेतलं. त्याच्यावर काटे, धूळ, न जाणो आणखी काय काय होतं, आणि ते पेरून ठेवायची जागा बाळाच्या खोलीतच, कारण ऊन तिथल्याच खिडकीत येतं. तेव्हा मी सगळ्या वस्तूंचं जे करत होते तेच केलं.

मग नवऱ्यानं बेकरीतून आणलेल्या पावाच्या जुन्या साच्यांना खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली, बी खोल दडपलं आणि मी पहारा सुरू केला. एका बाजूला पाळणा, दुसऱ्या बाजूला साचे. इकडे नाकाखाली बोट, तिकडे मातीत बोट. दर दोन-तीन दिवसांनी एखादं बी उकरून बघायचे, तसंच्या तसं असायचं, पुन्हा पुरायचे. पाणी इतकं घातलं की खिडकीच्या चौकटीला शेवाळ धरलं. बी काही उगवलं नाही.

सासूबाई रोज विचारायच्या, "आलं का गं?"

"नाही."

"आज?"

"नाही आई!"

शेवटी एके दिवशी त्या साच्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "सांग बघू, पहिल्यापासून काय काय केलंस?"

मी सांगायला लागले. बोंड फोडलं. निवडलं. मग गाळणीत घेऊन पातेल्यातलं उकळतं पाणी...

"थांब थांब. उकळतं?"

"हो. निर्जंतुक करायला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. साच्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आवळला, पोट हललं, आणि मग ते हसू फुटलं. वरच्या मजल्यावर कुत्रा भुंकायला लागला. "अगं सायंटिस्ट! बियांचा चहा केलास की गं!"

मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. पण ते हसू मधेच वाकडं झालं आणि मी रडायला लागले, आणि मग थांबताच येईना. बी मारलं म्हणून नव्हे. जे जे जपायला जाते ते माझ्या हातून असंच उकळून निघेल, असं वाटत होतं. हे मी बोलले का, आठवत नाही. बोलले असावे.

सासूबाईंनी हसणं थांबवलं. माझ्या पाठीवर हात ठेवला, धुतलेला की न धुतलेला ते मी विचारलं नाही. "एक तिकीट फाटलं," त्या म्हणाल्या. "दुसरं आहे ना? म्हणून तर ठेवायला लावलं होतं."

त्या दिवसापासून मी वाचायला लागले, आणि मला आठवलं की मला वाचता येतं. बाळंत झाल्यापासून मी फक्त आजारांची नावं वाचत होते. आता बियांचं वाचलं. कळलं की या बियांना उगवायला आधी थंडी हवी असते. ओलसर थंडीत ती काही आठवडे राहिली, की त्यांना हिवाळा गेलासं वाटतं आणि मग ती जागी होतात. माती पांघरायची ती नावापुरती, कारण उजेड हवा असतो. पाणी बेतानं. हे सासूबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांचं रोप आपलं आपण फुलत होतं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मी उरलेलं बी ओल्या कागदात पसरलं, एका डबीत बंद केलं आणि फ्रिजमध्ये, दुधाच्या बाटल्यांच्या मागे ठेवलं. डबीवर लिहिलं, "बी आहे. खाऊ नये. उकळू नये." शेवटचे दोन शब्द नवऱ्यानं वाढवले.

"म्हणजे आधी नीट झोपवायचं, मग ते उठणार?" त्यानं विचारलं.

"असंच काहीसं."

"मग तुलाही एक डबी बघू का?"

मी त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं.

हिवाळा सरत आला तेव्हा बी साच्यांत पेरलं. या वेळी फक्त बोटानं दाबून, वर चिमूटभर माती. साचे पुन्हा त्याच खिडकीत. आणि माझा पहारा पुन्हा चालू, या वेळी दुप्पट, कारण आता हातात दुसरं तिकीट नव्हतं. हेही गेलं की सासूबाईंची साळूबाई संपली. मी रात्री उठून बाळाला बघायचे आणि बाळाला बघितलं की साच्यांना. सकाळी चूळ भरताना आरशात एक बाई दिसायची, तिच्या डोळ्यांखाली काजळ पुसल्यासारखं झालं होतं, आणि ती काजळ लावत नव्हती.

सासूबाईंनी ते पाहिलं असणार. एका दुपारी त्या आल्या, नेहमीसारखे तळवे दाखवले, पण बाळाला मागितलं नाही. खुर्ची खिडकीशी ओढली.

"आजपासून मी बियांवर पहारा देणार."

"बियांवर?"

"तुझ्या पोरीला तू हात लावू देत नाहीस, नको देऊस. बी तर माझंय ना? माझ्या बियांकडे मी बघणार. तू तिकडे पड."

"पण बाळ..."

"बाळ याच खोलीत आहे, त्याला मी काय करू? मी काय डोळे मिटून बसू?"

बी खरंच त्यांचं होतं. मी बिछान्यावर टेकले. पहिल्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून त्यांच्या पाठीकडे बघत पडले. त्या खरोखर साच्यांकडे बघत होत्या, हात गुडघ्यांवर ठेवून, पुढच्या थांब्याची वाट बघावी तशा. दुसऱ्या दिवशी डोळे अधूनमधून मिटले. लेक कुरकुरली तर त्या म्हणायच्या, "पाळणा हलवू का? परवानगी आहे?" आणि मी पडल्या पडल्या म्हणायचे, "हलवा." मग "घेऊ का?" मग "घ्या." असं एकेक पायरी. त्या रोज यायच्या. एकदा गुडघा सुजला होता तर काठी घेऊन आल्या. नवऱ्यानं म्हटलं, "आई, आज बियांचं मी बघतो ना." तर म्हणाल्या, "तुला काय कळतंय, तू पाव भाज."

मग तो दिवस आला. मी पडले तेव्हा ऊन खिडकीच्या खालच्या कडेवर होतं. जागी झाले तेव्हा ते भिंतीवर सरकून पिवळं झालं होतं. मला आधी कळेचना की काय वेगळं वाटतंय. मग कळलं, डोकं हलकं होतं. मी झोपले होते. खरोखर झोपले होते, स्वप्न न पडता, दचकून न उठता.

मी मान वळवली. खुर्चीचं तोंड साच्यांकडे नव्हतं. पाळण्याकडेही नव्हतं. लेक सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपली होती, आणि त्यांनी खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड केलं होतं. त्या माझ्याकडे बघत बसल्या होत्या. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही.

"उठलीस?" त्या कुजबुजल्या. कुजबुज त्यांना नीट जमत नाही, घसा बसल्यासारखी येते. "बी आलंय."

"काय? कधी?"

"मघाशीच. तू झोपली होतीस."

मी उठून धावले. साच्याच्या कोपऱ्यात, मातीचा कण डोक्यावर घेऊन, दोन गुळगुळीत हिरवी पानं उभी होती. शेजारी आणखी एक, अजून वाकलेलं. मी मोठ्यानं ओरडणार होते, पण लेक झोपली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. शेवटचं बी उगवलं, ते या बाईंनी डोळ्यांनी पाहिलं, आणि ज्यांच्या आवाजानं तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा उठतो, त्या गप्प बसून राहिल्या. मी झोपले होते म्हणून.

त्या दिवशी मला वॉर्डातल्या सिस्टर आठवल्या. "तुझ्याकडे कोण बघतंय, तेवढं बघ," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते कोण ते मला दिसलं.

पुढचं सगळं सोपं झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. रोपं मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखालच्या पट्ट्यात लावली, तर गोगलगायींनी पहिल्याच आठवड्यात ताव मारला. मी रोज संध्याकाळी त्या वेचून भिंतीपलीकडे सोडायचे आणि सकाळी त्या पुन्हा हजर. नवऱ्यानं पावाचे साचे उलटे करून रोपांभोवती कुंपण केलं. काही रोपं वाचली. पानं खरखरीत, जाड, जमिनीलगत पसरलेली. फूल मात्र नाही. सगळा उन्हाळा गेला, फूल नाही.

मागच्या गल्लीतल्या टेलरबाईंचं शिवणयंत्र खिडकीतच असतं, त्यांना आमच्या अंगणातलं पान न पान दिसतं. त्या एकदा म्हणाल्या, "कोबी लावलायत वाटतं?"

"फुलझाड आहे," मी म्हटलं.

"असं होय. लाजरं दिसतंय."

सासूबाई माझ्या बाजूनं भांडायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. पहिल्या वर्षी हे झाड वर येतच नाही, खाली मुळं घालत बसतं, हे मी वाचलं होतं. हे मी टेलरबाईंना इतक्या शांतपणे सांगितलं की माझं मलाच नवल वाटलं. लेक तेव्हा अंगणात बसून माती चाखत होती. मी पाहिलं, तोंड पुसलं, आणि पातेलं शेगडीवर ठेवायला गेले नाही.

मग थंडी आली आणि पानंही काळी पडून गेली. पट्ट्यात नुसती माती. सासूबाईंच्या जुन्या झाडाचंही असंच व्हायचं, पण ते अनुभवाचं झाड होतं, हे माझं होतं. एका सकाळी मी खुरपं घेऊन उकिडवी बसले. फक्त एका बाजूनं जरासं उकरून बघायचं, मूळ जिवंत आहे की नाही, एवढंच. लेक नुकती चालायला लागली होती, ती डुलत डुलत आली आणि माझ्या हातातलं खुरपं घेऊन आपल्या डोक्यावर ठेवलं. टोपी. मी हसले. आणि उठले. खुरपं त्या दिवशी तिच्याकडेच राहिलं, मी परत मागितलं नाही.

वसंत ऋतूत मातीतून जांभळट कोंब वर आले, बारक्या मुठी आवळल्यासारखे. जिथं एक रोप होतं तिथं चार-चार. आणि उन्हाळ्यात दांडे वाढत वाढत कमरेपर्यंत आले. आधी हिरव्या बटणासारख्या कळ्या, मग फिकट, काड्यांसारख्या पाकळ्या, मग रोज जरा गुलाबी, जरा जांभळ्या, आणि एके सकाळी साळूबाई आपला नारिंगी, काटेरी घुमट फुगवून उभी. शेजारी दुसरी. तिच्यामागे आणखी. मधमाश्या इतक्या की दोरीवर कपडे वाळत घालायची बंदी मी घरात जाहीर केली.

मी सासूबाईंना फोन केला नाही. त्या यायच्या वेळेला दार उघडून उभी राहिले. त्यांनी तळवे दाखवायला हात वर केले, मी ते तसेच धरले आणि मागच्या अंगणात नेलं.

त्या उभ्या राहिल्या. एका फुलाच्या घुमटावर तळहात ठेवला, कुरवाळला, काटे टोचले असणार. मग भिंतीशी गेल्या, कोपर टेकलं, आणि गल्लीला ऐकू जाईल असा तो आवाज लावला:

"अहो टेलरबाई! या, कोबी बघायला या! माझ्या सुनेनं बियांपासून वाढवलाय!"

शिवणयंत्र थांबलं. टेलरबाई आल्या, त्यांच्या मागून पेपर टाकणारे आले, वरच्या मजल्यावरून कुत्रा आणि त्याचा मालक आला. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या. थंडी द्यावी लागते. माती पांघरायची ती नावापुरती. पहिल्या वर्षी धीर धरायचा. सगळं माझं वाचलेलं, त्यांच्या तोंडून, जसं काही त्यांनी स्वतः परीक्षा दिली होती. "कॉलेजात शिकलीय ती," त्या म्हणाल्या. "एकदा तर बियांचा चहा केला होता!"

"आई!"

"सांगू दे की. चहा करून पुन्हा बाग केली, म्हणून तर सांगतेय."

मी लाजले, पण मान खाली घातली नाही. माझ्या पायाशी लेक उभी होती, आता न डुलता, कुणाचा हात न धरता, आणि एका फुलाला "साऊ, साऊ" म्हणून बोट दाखवत होती. ही दोन्ही माझ्या हातून वाढली. दोन्ही माझ्या एकटीच्या हातून नाही. मला दोन्ही गोष्टींचा सारखाच अभिमान वाटत होता आणि आजही वाटतो.

मोसम सरताना बोंडं वाळली. बारके पक्षी येऊन त्यांच्यावर लोंबकळतात, दाणे टिपतात. निम्मी त्यांच्यासाठी सोडली. एक मोठं रोप मुळासकट खणून सासूबाईंच्या फाटकाशी लावलं. चर केव्हाच बुजला होता. आता त्या पुन्हा कोपर टेकून उभ्या असतात.

आणि थोडं बी मी डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं, कारण टेलरबाईंची लेक बाळंतपणाला आली होती. बाळ गोड आहे, सगळे बघून आले, मीही गेले. तिनं दारातच विचारलं, "हात धुतलेत?" मी तळवे दाखवले. खोलीत पडदे ओढलेले होते. ती हसून म्हणाली, "बरी आहे मी." डोळ्यांखाली काजळ पुसल्यासारखं झालं होतं.

हिवाळा सरल्यावर मी भोकं पाडलेला पावाचा एक साचा घेऊन गेले. त्यात माती होती आणि बी होतं. "आमच्या खिडकीत ऊन कमी येतं," मी थाप मारली. "तुझ्या खोलीत ठेवते. रोज बघायला येईन, बियांना."

ती वैतागली असणार. मीही वैतागले होते. पहिल्या दिवशी ती डोळे उघडे ठेवून पडली. मी पाठ करून बसले. काल तिनं स्वतः होऊन म्हटलं, "ताई, जरा घेता का हिला?"

आता तुम्ही. तुमच्या जिन्यात, गल्लीत, नात्यात कुणीतरी नुकती बाळंत झालेली असेल. बाळ बघून आला असाल, गोड आहे म्हणाला असाल. पुन्हा एकदा जा. बाळाचं वजन विचारू नका, नाक कुणासारखं ते सांगू नका. जाताना काहीतरी निमित्त न्या, रोप न्या, उसवलेला परकर न्या, काहीही चालेल. हात धुवा, नाहीतर ती आत घेणार नाही. खुर्ची ओढा आणि तिच्याकडे तोंड करून बसा. ती "बरी आहे" म्हणेल. तरी बसा. आणि उद्या पुन्हा जाऊन बघून या, ती झोपली का.